क्लीक, कंपू आणि हल्का

उर्दू माध्यमात शिकलेली धाकटी भावंडं इंग्रजी वाचताना मला विचारतात, "भाई, 'क्लीक' म्हणजे हल्काच ना?" अर्थ जवळचा वाटतो, पण तसा नाही.

क्लीक हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. मोजकी माणसं आपल्यातच रमतात, बाहेरच्याला आत येऊ देत नाहीत, अशा गटाला क्लीक म्हणतात. शब्दात नाराजी आहे, त्यामुळे स्वतःच्या गटाला कुणी क्लीक म्हणत नाही. उर्दूत त्याच्या जवळ जातात टोला आणि गुटबंदी. मराठीत तर नेमका शब्द आहे, कंपू.

हल्का वेगळा. अरबीत त्याचा अर्थ कडं, वर्तुळ. 1939 साली लाहोरमध्ये सुरू झालेल्या 'हल्का-ए-अरबाब-ए-ज़ौक़'च्या साप्ताहिक बैठकीत साहित्य वाचलं जाई आणि लेखकासमोरच त्याची चिकित्सा होई. मुंबईत 1949 साली वारलेले कवी मीराजी याच हल्क्यातले. जवळीक तिथेही होती, पण मतभेदाला जागा होती.

हा फरक शब्दकोशापुरता नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. नव्या प्रोजेक्टमध्ये जागा आहे ही बातमी अनेकदा आधी चहाच्या टेबलावर येते, ई-मेल नंतर. त्या टेबलावर ज्याला कुणी बोलावत नाही, त्याची गुणवत्ता कमी नसते. त्याला फक्त उशिरा कळतं. आपल्यातल्या अनेकांनी हे सोसलंय.

म्हणूनच आपल्या गटांकडेही त्याच नजरेनं पाहायला हवं. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाचा 'क़ाफ़' चुकला की आपण हसतो. कोकणातला, मराठवाड्यातला, डिप्लोमावाला असे कप्पे करतो. स्कॉलरशिपची माहिती चार दोस्तांना पाठवतो आणि पाचव्याला मुदत संपल्यावर कळते. बैठकीत मुली असतात, पण निर्णय नंतर बाहेर, बाइकला टेकून होतात.

दोस्ती असावीच. सगळ्यांशी सारखीच जवळीक कुणाचीच नसते. पण नोकरी, शिक्षण आणि संघटनेचे निर्णय दोस्तीच्या आत अडकले की हल्क्याचा कंपू होतो.

तपासणं सोपं आहे. गेल्या वर्षभरात आपल्या गटात नवं कोण आलं? विरोधात बोललेला माणूस पुढच्या बैठकीला आला का? त्याला बोलावलं होतं का? उत्तर अवघड वाटलं, तर आजच त्याला फोन करा.