दुसऱ्यांची पोरं आणि आपला टॅक्स



सध्या आपल्या लोकांत एक वाक्य फार चालते. लग्नाच्या पंगतीत, बारशाला, गणपतीची वर्गणी गोळा करताना, कुठेही दोन पेन्शनर आणि एक दुकानदार एकत्र आले की ते कानावर पडते : "टॅक्स आम्ही भरायचा आणि शिकायची दुसऱ्यांची पोरं!" तारिहाळला औद्योगिक वसाहत झाल्यापासून बाहेरगावची कामगार कुटुंबे वाढली. त्यांची मुले सरकारी शाळेत जातात, दुपारी तिथेच जेवतात, पुस्तके फुकट, गणवेश फुकट. आपली मुले तर केव्हाच हुबळीच्या इंग्रजी शाळांत गेली. मग हा भुर्दंड आपल्यावर कशाला, असा सवाल आहे. वडीलधाऱ्यांचा मान राखून मला स्पष्ट सांगायचे आहे की हा सवालच चुकीचा आहे, आणि तो विचारण्याचा हक्क धारवाड-हुबळीच्या जुन्या मराठी घराण्यांना तर सर्वांत कमी आहे.

मी कॉमर्सचा माणूस, बँकेत काउंटरवर बसणारा. इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. पण खातेवही कशी वाचायची ते मला कळते. आपली खातेवही जरा मागून उघडू.

आपली काही घराणी पटवर्धनांच्या सरंजामाच्या काळात इकडे आली, काही इंग्रजी अमलात कचेरीच्या नोकरीसाठी आली, काही सदर्न मराठा रेल्वेबरोबर आली. कानडी मुलखात येऊन आपण टिकलो, वाढलो, वाडे बांधले, ते कशाच्या बळावर? जमिनी थोड्यांकडेच होत्या. बाकीच्यांचे बळ एकच, ते म्हणजे लिहिता-वाचता येणे. आणि ते शिकवले कोणी? १९ व्या शतकाच्या मध्यापर्यंत धारवाड भागातल्या पुष्कळ सरकारी शाळा मराठीत चालत, कारण कचेरीची भाषा मराठी होती. सरकारचे मुख्य उत्पन्न शेतसारा, आणि शेतसारा भरणारी रयत कानडी. म्हणजे जोंधळा आणि कापूस पिकवणाऱ्या कानडी कुणब्याच्या पैशाने आपले पणजोबा मराठीत धुळाक्षरे गिरवून कारकून झाले! डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या शिक्षणखात्यातल्या माणसाने जिवाचे रान केले तेव्हा कुठे इथे कानडी शाळा वाढू लागल्या. १८९० साली धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला, त्यामागेही हीच कळ होती.

पुढे १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात लोकल फंड नावाची पट्टी बसली. धारवाड जिल्हा तेव्हा आणि पुढेही, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत, मुंबईच्याच कारभारात होता. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा, त्यातले दोन हिस्से रस्ते वगैरे कामांना आणि तिसरा हिस्सा शाळांना. हा आणा तारिहाळच्या रयतेनेही भरला. तिच्यापैकी किती जणांची मुले शाळेत जात होती? महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडले होते की पैसा घाम गाळणाऱ्या रयतेचा आणि शिक्षण मात्र वरच्या वर्गांचे. ते पुण्याकडे बघून बोलत होते, पण धारवाडचा हिशोब त्याहून वेगळा नव्हता.

तेव्हा "दुसऱ्यांच्या पोरांना आमच्या पैशाने का शिकवायचे" असे आपण विचारतो त्या वेळी दीडशे वर्षांपूर्वी त्या रयतेने हेच विचारले असते तर काय झाले असते, याचा विचार व्हावा. तिला कोणी विचारले नाही ही गोष्ट वेगळी. पण घेतलेले ते घेतलेलेच. माझ्या बँकेत कर्ज घेणारा मेला तरी खाते बंद होत नाही, वारसाला नोटीस जाते.

आणि एवढे मागे तरी कशाला जायचे? आज साठीच्या पुढे असलेल्या आपल्या मंडळींपैकी किती जण कर्नाटक कॉलेजातून, कर्नाटक विद्यापीठातून, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या हायस्कुलांतून शिकले? त्या वेळची फी आठवून बघा. मी स्वतः अनुदानित कॉलेजात बी.कॉम. केले. माझ्या वडिलांनी भरलेल्या फीमध्ये माझ्या प्राध्यापकांचा एका महिन्याचा चहासुद्धा झाला नसता. उरलेले कोणी दिले?

दुसरा मुद्दा "आम्हीच टॅक्स भरतो" हा. हा तर मोठाच गैरसमज आहे. इन्कम टॅक्स भरतो म्हणून करदाता मीच, आणि तारिहाळच्या शेडमध्ये बारा तास उभी राहणारी बाई फुकटी, असे आपल्याला वाटते. तिने मोबाइलचा रिचार्ज मारला की त्यावर १८ टक्के जीएसटी जातो. माझ्या रिचार्जवरही १८ टक्केच. माझ्या पगारात तो कळतही नाही, तिला कळतो. खोलीमालक घरपट्टी भाड्यातून वसूल करतो, म्हणजे तीही तीच भरते. फरक एवढाच की तिच्या हातात पावती पडत नाही आणि आपल्या हातात पडते.

पावतीवरून आठवले. घरपट्टीची पावती कधी नीट वाचली आहे का? कर्नाटकात मूळ करावर १५ टक्के आरोग्य सेस, ६ टक्के ग्रंथालय सेस आणि ३ टक्के भिकारी निर्मूलनाचा सेस असतो. ग्रंथालयाचा कायदा १९६५ चा, भिकाऱ्यांचा १९७५ चा. इतकी वर्षे आपण हे मुकाट्याने भरत आलो, कोणी हूं की चूं केले नाही. शाळेतल्या पोराच्या पानात भात पडला की मात्र आपल्याला टॅक्स आठवतो. रायापूरच्या अक्षयपात्रच्या स्वयंपाकघरातून २००४ पासून हुबळी-धारवाडच्या शाळांना जेवण जाते. ज्या घरात आई-बाप दोघेही सकाळी सातला कारखान्याच्या गाडीत बसतात, त्या घरातल्या मुलाचे ते दिवसातले पहिले गरम अन्न असू शकते. यावरून कुरकुर करणे आपल्यासारख्या अन्नदान करणाऱ्या, नैवेद्य दाखवून जेवणाऱ्या लोकांना शोभत नाही.

आता जरा कडू बोलतो. सरकारी तिजोरीतून घेणारा गट कोणता, हे बघायचेच असेल तर प्रामाणिकपणे बघू. कर्नाटक सरकारच्या नोकरीत १ एप्रिल २००६ च्या आधी लागलेल्यांचे पेन्शन तिजोरीतून जाते, म्हणजे आज कमावणाऱ्यांच्या करातून जाते. ते जावेच, ज्याने आयुष्यभर सेवा केली त्याचा तो हक्क आहे. पण माझ्या शेजारी काउंटरवर बसणारी, २०१० नंतर बँकेत लागलेली मुले एनपीएसवर आहेत. त्यांना तसले ठरलेले पेन्शन नाही, तरी त्यांच्या टॅक्समधून तुमचे जाते आणि ती तोंडातून ब्र काढत नाहीत. ठेवीवर ज्येष्ठांना अर्धा टक्का जादा व्याज, २०१८ पासून व्याजावर ५० हजारांपर्यंत सूट, २०२४ पासून सत्तरीपुढच्यांना आयुष्मानचे कार्ड. सगळे उत्तम. मार्च २०२० मध्ये रेल्वेने ज्येष्ठांची सवलत काढली तेव्हा आपल्याच मंडळींनी केवढा संताप केला, आणि योग्यच केला. पण रेल्वेच्या तिकिटात सरकारने आपला भार उचलावा आणि सहावीतल्या पोराच्या वहीत उचलू नये, हे कुठल्या तर्कात बसते?

इंग्रजी शाळेत मुले घालणाऱ्या माझ्या वयाच्या लोकांनाही सांगतो, आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. दोन मुलांच्या ट्यूशन फीवर वर्षानुवर्षे आपण ८०-सी खाली सूट घेतली. सरकारला न मिळालेला टॅक्स म्हणजे सरकारने दिलेला पैसाच, हे बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा मुलगाही सांगेल. खाजगी शाळेच्या फीला सरकारने असा हात लावला तर ते "करनियोजन" आणि सरकारी शाळेला लावला तर "फुकटेगिरी"?

कोणी म्हणेल, गरिबांसाठी खाजगी शाळांत २५ टक्के जागा आहेत ना? शिक्षण हक्काचा कायदा २०१० च्या एप्रिलपासून लागू झाला तेव्हा होत्या. पण २०१९ च्या सुमारास कर्नाटकाने नियम बदलला, आणि जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तिथे खाजगी शाळेतली ती वाट जवळजवळ बंद झाली. म्हणजे तारिहाळच्या मजुराच्या मुलाला फुकट शिकण्याचे दार आता एकच उरले, सरकारी शाळेचे. तेही आपण पैसा न देऊन लोटायचे काय?

"मग गॅरंट्यांचे काय, त्याही चांगल्याच का?" असा उलट प्रश्न येणार. माझे मत सांगतो. जून २०२३ पासून बायकांना बस फुकट झाली. त्यामुळे खेड्यातल्या मुली पीयुसीला, डिग्रीला शहरात येऊ शकतात, म्हणून मी तिच्या बाजूचा आहे. बापाने "बसचा खर्च परवडत नाही" म्हणून घरी बसवण्याची सबब गेली. युवानिधीचे मात्र मला तेवढे कौतुक नाही. पदवीधराला महिना ३००० आणि डिप्लोमावाल्याला १५०० दोन वर्षे देण्यापेक्षा तोच पैसा आयटीआयच्या यंत्रांवर आणि मास्तरांवर घातला असता तर बरे झाले असते. यावर वाद घाला, जरूर घाला. पण रोख वाटणे आणि शाळा चालवणे या दोन गोष्टी एका पोत्यात घालून दोन्हींवर काठी चालवू नका.

आणखी एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने मराठा समाजाच्या विकासासाठी ५० कोटींची घोषणा केली तेव्हा आपल्यात आनंद झाला होता, पेढे वाटले गेले होते. ५ डिसेंबर २०२० ला कन्नड संघटनांनी त्याविरुद्ध बंद पुकारला. त्यांचे म्हणणे काय होते? आमचा टॅक्स यांना कशाला! तेव्हा आपल्याला ते झोंबले. आज तेच वाक्य आपण दुसऱ्यांच्या मुलांना लावतो. खानापूर, बेळगाव, हल्याळ भागातल्या सरकारी मराठी शाळा टिकाव्यात म्हणून आपण निवेदने देतो, घटनेचे ३५०-अ कलम पुढे करतो. त्या शाळांतल्या मराठी मास्तरांचा पगार कुठून येतो? बंगळूर, मंगळूर, दावणगेऱ्याच्या कन्नड माणसाच्या टॅक्समधूनही येतो. "ज्याचे त्याने बघावे" हा नियम एकदा लागला की त्यात सगळ्यांत आधी अल्पसंख्य मरतात, आणि इथे अल्पसंख्य आपण आहोत.

शेवटचा मुद्दा घराघरातला आहे. आपली हुशार मुले आज कुठे आहेत? पुण्यात, बंगळुरात, काही अमेरिकेत. मोठमोठ्या घरांत दोन-दोन म्हातारी माणसे राहतात. रात्री छातीत दुखले तर रिक्षा चालवणारा कोण? किम्समध्ये (नाव बदलले तरी आपण किम्सच म्हणतो, १९५७ सालचे सरकारी मेडिकल कॉलेज आहे ते) सलाइन लावणारी सिस्टर कोण? औषधाच्या दुकानात चिठ्ठी वाचून बरोबर गोळी देणारा पोरगा कोण? ही सगळी "दुसऱ्यांची पोरं". आपली पोरं व्हिडिओ कॉलवर असतील. त्या दुसऱ्यांच्या पोरांना नीट वाचता यावे, नीट मोजता यावे, ही आपल्याच जिवाची तजवीज आहे.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. त्यात खर्चाचा काही भाग स्थानिक संस्थांनी पट्टी बसवून उचलावा, असे होते. १९ मार्च १९१२ ला ३८ विरुद्ध १३ मतांनी ते पडले. पैसा कुठून आणायचा आणि शेतात मजूर कुठून मिळायचे, अशी कारणे विरोधात होती. शाहू महाराजांनी मात्र १९१७ साली कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. आपण दोघांच्याही जयंत्या करतो. मग आपले मत त्या १३ जणांत धरायचे की ३८ जणांत?

भांडायचे असेल तर भांडण्यासारखी जागा मी दाखवतो. २००४ पासून इन्कम टॅक्सवर २ टक्के शिक्षण सेस लागला, २००७ ला माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी १ टक्का, २०१८ पासून आरोग्य मिळून ४ टक्के. सेसचा पैसा केंद्राकडेच राहतो, राज्यांना त्यात वाटा नसतो. त्या एक टक्क्यातून २०१६-१७ पर्यंत ८३ हजार कोटींहून अधिक रक्कम जमली, आणि तिच्यासाठी स्वतंत्र निधीच उघडला नव्हता, असे कॅगने आपल्या अहवालात दाखवून दिले. मुलांच्या नावाने घेतले आणि वेगळ्या खात्यात ठेवलेसुद्धा नाही! एखाद्या कारकुनाने असे केले असते तर दुसऱ्या दिवशी घरी बसला असता. आपला राग इथे खर्च व्हावा.

म्हणून येत्या वार्षिक सभेत मी दोन ठराव मांडणार आहे. एक, शिक्षण सेसचा आजवरचा जमाखर्च जाहीर करावा आणि राज्यांच्या शाळांना त्यातला वाटा मिळावा, असे पत्र मंडळाने आपल्या खासदारांना द्यावे. दोन, घरपट्टीवरचा ग्रंथालय सेस गेल्या दहा वर्षांत किती जमला आणि त्यातला तारिहाळ भागासाठी किती खर्च झाला, यासाठी माहिती अधिकारात अर्ज करावा. अर्जाची फी मी भरतो. दोन्ही मसुदे चिटणीसांकडे दिले आहेत. ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनी अवश्य यावे, येताना घरपट्टीची पावती आणि पेन्शनचे पासबुक बरोबर आणावे.