पडद्यावरील पिठाचा कोंबडा



केंद्र शासनाने २०२१ च्या जानेवारीत ‘टॉयकॅथॉन’ ही खेळ व खेळणी निर्मितीची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा देशभरातून सुमारे १ लाख २० हजार जणांनी भाग घेऊन १७ हजारांहून अधिक कल्पना पाठविल्या. त्यांतून निवडलेल्या १,५६७ कल्पनांची अंतिम फेरी २२ ते २४ जून या काळात झाली. करोनामुळे ती ऑनलाइन घ्यावी लागली आणि तीत डिजिटल खेळांचे संघ होते. आपल्या घरात मात्र मुलाने ‘आमच्या गटाने प्रकल्पासाठी व्हिडिओ गेम घेतला आहे’ असे सांगितले, की वडील विचारतात, ‘खेळ करण्यासाठी एवढी फी भरली का?’ आमच्या युसूफ वडगावसारख्या गावातून अंबाजोगाई, लातूर वा पुण्याला शिकायला गेलेल्या मुलांना हा प्रश्न अधिकच बोचतो. ती फी सोयाबीनच्या पट्टीतून किंवा दुकानाच्या गल्ल्यातून गेलेली असते.

फीचा हिशेब रास्त आहे, परंतु प्रश्न चुकीच्या जागी आहे. गेम तयार करणे हा पोरखेळ नव्हे. एकाने नियम ठरवायचे, दुसऱ्याने प्रोग्रॅम लिहायचा, तिसऱ्याने चित्रे, चौथ्याने ध्वनी, आणि कोणी तरी हे सारे मुदतीत जुळवून आणायचे. एकाचे अडले की सर्वांचे अडते. बँकेत ३१ मार्चची रात्र ज्यांनी काढली आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको. विचारायचेच असेल तर मुलांना हे विचारावे : तुमच्या गेममध्ये खेळणारा करतो काय?

कित्येक गाजलेल्या खेळांत याचे उत्तर ‘मारतो’ एवढेच आहे. मुले म्हणतात, ‘ती नुसती चित्रे असतात, खरे कोण मरते?’ या युक्तिवादाचे उत्तर सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलकचंपू’त, म्हणजे इ. स. ९५९ मध्येच, येऊन गेले आहे. यशोधर राजा दुःस्वप्न पडल्याचे सांगतो. माता चंद्रमती पशुबळी देण्यास सांगते. राजाचे मन घेत नाही. शेवटी तडजोड होते आणि पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला जातो. रक्ताचा थेंबही सांडला नाही. तरीही मायलेकांना मोर, कुत्रा अशा तिर्यंच योनींत जन्मामागून जन्म घ्यावे लागले. कोंबडा पिठाचा होता, संकल्प मात्र खरा होता.

पडद्यावर एक बाण सोडला म्हणून कोणी दुर्गतीला गेला, असे मी म्हणणार नाही. पण आपल्याकडे कृत, कारित व अनुमोदित असा भेद केला जातो. खेळणारा एकदा मारतो; ‘मारल्यास शंभर गुण’ हा नियम लिहिणारा हजारोंकडून मारवितो. म्हणून विद्यार्थिदशेतील गटाची निवड मोलाची. त्यांच्यावर अजून बाजाराचे दडपण नसते.

अमेरिकेतील डिजिपेन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये ‘नार्बॅक्युलर ड्रॉप’ हा गेम केला. त्यातील राजकन्येला उडीसुद्धा मारता येत नाही. खेळाचा गाभा हाणामारीचा नसून भिंतींत दारे उघडून वाट शोधण्याचा. ‘व्हॉल्व्ह’ कंपनीने त्या गटालाच नोकरीवर घेतले आणि २००७ मध्ये त्याच कल्पनेवरचा ‘पोर्टल’ जगभर गाजला.

आपल्याजवळ तर ज्ञानबाजीचा पट आहे. ८४ घरांचे असे जैन पट जुन्या संग्रहांत आढळतात. दोष सापाच्या तोंडी देतो, गुण शिडी चढवितो. त्यात उणीव एकच : सारे दानावर अवलंबून, खेळणाऱ्याच्या पुरुषार्थाला वाव नाही. तो वाव संगणक देऊ शकतो. खेळणाऱ्याने काय निवडले याची नोंद ठेवावी, आणि फळ लगेच देऊ नये. कर्म बांधले जाते तेव्हापासून उदयापर्यंत अबाधाकाल असतोच. कर्जाचा पहिला हप्ता सुरू होण्यापूर्वी मिळणाऱ्या मुदतीसारखा. मात्र मुदत फार लांबली, तर चौथ्या टप्प्यावर कोसळलेल्या खेळणाऱ्याला पहिल्या टप्प्यावरील लोभ आठवणारच नाही, आणि गेम अन्यायी वाटेल. हे अंतर किती ठेवावे, हा त्या गटाचा सर्वांत अवघड प्रश्न ठरेल.

त्यासाठी आधी संगणकाला हातही लावू नये. जाड पुठ्ठ्यावर पट आखावा, निवडींची नोंद वहीत करावी आणि पर्युषणाच्या सुट्टीत घरी आजीसमोर मांडावा. ती कोठे अडखळते, कोठे ‘हे बरोबर नाही’ म्हणते, ते टिपून घ्यावे, प्रोग्रॅम त्यानंतर.