परशुराम घाटात बंद पडलेली गाडी

उन्हाळ्याचे दिवस होते. अम्मींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून चिपळूणहून खेडला परत येत होते. परशुराम घाट चढताना गाडी एकाएकी बंद पडली. झटका नाही, आवाज नाही. बटन दाबून पंखा बंद करावा तशी. मागे लोटेकडे जाणारा टँकर. स्टिअरिंग दगडासारखं जड झालेलं. अम्मी मोठ्याने कलमा पढू लागल्या.

गाडी चालवणाऱ्या भगिनींनी एवढं ध्यानात ठेवावं. इंजिन बंद पडलं तरी स्टिअरिंग वळतं, फक्त जोर जास्त लावावा लागतो. ब्रेकही लागतो, पण त्याची मदतीची हवा दोन-तीन दाबांपुरतीच उरते, म्हणून उगाच पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच घट्ट दाबून धरावा. चालत्या गाडीत चावी पूर्ण मागे फिरवू नये, स्टिअरिंग लॉक होतं. गाडी डावीकडे घेऊन हँडब्रेक ओढायचा, चारही इंडिकेटर लावायचे, चाकामागे दगड ठेवायचा आणि माणसांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून लांब उभं करायचं. अम्मींना मी डोंगराच्या बाजूला सावलीत बसवलं. वीस-पंचवीस मिनिटांनी सहज सेल्फ मारला, तर गाडी काही झालंच नाही अशी सुरू!

पहिल्या गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली. आठ दिवसांनी भरणे नाक्याच्या अलीकडे पुन्हा तेच. दुसऱ्याने पेट्रोलचा पंप बदलला. तो मला काही सांगतच नव्हता. सोबत आलेल्या माझ्या नववीतल्या मुलाला समजावत होता. तिसऱ्यांदा दापोलीच्या रस्त्यावर बंद पडली, तेव्हा ह्यांचा कुवेतहून फोन आला, “विकून टाक ती गाडी.” बारा वर्षं जुन्या, भर रस्त्यात बंद पडणाऱ्या गाडीला कोण किती देणार? आणि शाळा, बाजार, अम्मींचा दवाखाना, सगळं तिच्यावरच.

मग मी जे वर्गात करते ते केलं. मुलाचं गणित चुकलं तर उत्तर खोडण्याआधी तो कोणत्या पायरीवर घसरला ते पाहते. एक वही केली. बंद पडली तेव्हा किती वाजले होते, किती वेळ चालली होती, टाकीत पेट्रोल किती, कोणते दिवे लागले, कशी थांबली, किती वेळाने सुरू झाली. चार नोंदी झाल्यावर चित्र दिसू लागलं. सकाळच्या गारव्यात एकदाही नाही. दर वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त चाललेली, कडक ऊन. दर वेळी डॅशबोर्डचे दिवे चालू, हॉर्न वाजतो, सेल्फही जोरात फिरतो. म्हणजे बॅटरी बिचारी पहिल्यापासून निर्दोष.

ही वही घेऊन गावातल्या एका वयस्क मेकॅनिककडे गेले. चाचांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि एकच विचारलं, “टीचर, बंद पडल्यावर सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का?” मी तो पाहिलाच नव्हता. दुपारी ते स्वतः गाडीत बसले, गाडी बंद पडेपर्यंत फिरवायला लावली. सेल्फ फिरत होता, काटा शून्यावर चिकटलेला. त्यांनी बॉनेट उघडून खाली गिअरबॉक्सजवळच्या एका अंगठ्याएवढ्या भागावर बाटलीतलं पाणी ओतलं. दोन मिनिटांत गाडी सुरू.

तो क्रँक सेन्सर. इंजिन किती वेगाने आणि कुठवर फिरलंय हे तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. आत बारीक तारेचं वेटोळं असतं. जुनं झालं की तापल्यावर ती तार तुटक होते, गार झाली की पुन्हा जुळते. सेन्सर गप्प बसला की कॉम्प्युटरला वाटतं, इंजिन फिरतच नाही. मग तो प्लगचा करंटही तोडतो आणि पेट्रोलचा पंपही थांबवतो. दुसऱ्या गॅरेजवाल्याला पंप गप्प दिसला, तो यामुळे! चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद घुंऽऽ असा आवाज येतो का, एवढं त्याने ऐकलं असतं तरी पुरे होतं. आणि बॅटरी बदलताना तार काढली की बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटरने नोंदवलेली चूकही पुसली जाते. खुणेचा कागद पहिल्याच दिवशी फाडला गेला असणार.

प्रत्येक गाडीचा रोग हाच असेल असं नाही. झटके खात, दम तोडत थांबली तर पेट्रोलचा फिल्टर किंवा पंप बघावा. दिव्यांसकट सगळंच एकदम मेलं तर बॅटरीचं टर्मिनल ढिलं असू शकतं. फक्त सिग्नलला पाय उचलल्यावर बंद पडत असेल तर थ्रॉटल बॉडीत काजळी साचलेली असते, बहुतेक वेळा साफ केली की भागतं. आणि तापमानाचा काटा लाल रेषेवर असेल तर सेल्फ अजिबात मारू नये.

सेन्सरची किंमत पंपाच्या पाव हिश्श्यालाही पोचली नाही. चाचांनी जुना सेन्सर कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवला, “तुमचा माल आहे, टीचर.” जुना पंप आणि जुनी बॅटरी मी मागितलीच नव्हती. ती कुठे गेली, कुणास ठाऊक.