ओरिजिनल म्हणजे काय, हो?

‘गाडी ओरिजिनल आहे का?’ असं विचारणाऱ्याला गाडीखाली झोपवावं आणि तोंडावर ग्रीस गळू द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेरला आमच्या अंगणात एक शक्तिमान उभी आहे. लष्कराचा हा ट्रक ‘मॅन’ या जर्मन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला तयार होई. १९९६ साली तो बंद झाला. तेव्हा आता एखादा भाग हवा, तर दुसरी मेलेली शक्तिमान शोधायची! माझीचा गिअरबॉक्स एकीचा, अ‍ॅक्सल दुसरीचा. भंगारवाला म्हणाला, “मास्तर, दोन दिवस उशीर केला असता, तर भट्टीत गेला असता हा माल.” चालती गाडी मी कधी कापू दिली नाही, भट्टीच्या तोंडचं तेवढं काढून आणलं.

तरी शेजारचे अण्णा म्हणतात, “ही कसली जुनी गाडी? खिचडी आहे नुसती!”

अहो अण्णा, ज्या त्रिविक्रमाला तुम्ही रोज हात जोडता, त्या देवळाचा मागचा विटांचा भाग जुन्या चैत्याचा मानतात. पुढचा मंडप मागाहून जोडलेला. तिथं विचारलंत कधी? लामतुऱ्यांनी तेरची खापरं गोळा केली, म्हणून गावात संग्रहालय झालं. तीही किलोवर घातली असती, तर आज काय दाखवलं असतं पाहुण्यांना?

जोडलं म्हणून टिकलं. आणि अण्णा, नव्या कवळीसकट तुम्हीसुद्धा आम्हाला ओरिजिनलच वाटता की!