द्राक्षे ऑर्गॅनिक, अल्कोहोल तेच

मालवण-तारकर्लीच्या एखाद्या हॉटेलात सुरमईच्या थाळीआधी पेयांचे कार्ड पुढे येते. त्यात स्पेनची ‘ऑर्गॅनिक रेड वाईन’ असली, तर ऑर्डर घेणारा सहज म्हणून जातो, ‘‘ही घ्या साहेब, केमिकल नाही, हार्टलाही चांगली.’’ सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण या वाक्यातले पहिले विधान अर्धवट आहे आणि दुसऱ्याला भक्कम पुरावा नाही.

‘ऑर्गॅनिक’ हा शब्द मुख्यतः द्राक्षबागेविषयी बोलतो. सेंद्रिय द्राक्षबागांच्या क्षेत्रात स्पेन जगात आघाडीवर आहे. तिथे कृत्रिम खते आणि कीटकनाशके वापरता येत नाहीत. मात्र ताम्रयुक्त फवारणी मर्यादेत चालते, म्हणजे आपले सुपारी बागायतदार पावसाळ्यात वापरतात त्या बोर्डो मिश्रणाचीच जात. वाईन टिकवणाऱ्या सल्फाइटवर युरोपने 2012 पासून सेंद्रिय वाईनसाठी कडक मर्यादा घातली. साध्या रेड वाईनला लिटरमागे 150 मिलिग्रॅम चालते, सेंद्रिय रेड वाईनला साधारण 100. म्हणजे सल्फाइट कमी असते, शून्य नसते. सल्फाइटने दमा उसळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

ही पर्यावरणासाठी चांगलीच गोष्ट आहे. पण यकृताला बागेतले खत कळत नाही, त्याला अल्कोहोल कळते. साडेतेरा टक्के अल्कोहोल असलेल्या वाईनच्या 150 मिलिलिटरच्या ग्लासातून सुमारे 16 ग्रॅम अल्कोहोल पोटात जाते. व्हिस्कीच्या 60 मिलिलिटरच्या पेगमधून जाते सुमारे 20 ग्रॅम. ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ म्हणत दोन ग्लास घेणारा त्या पेगच्या पुढे गेलेला असतो. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने 1988 मध्येच मद्याला निश्चित कर्करोगकारकांच्या गटात टाकले. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले.

मग ‘हार्टला चांगली’ हे आले कुठून? फ्रेंच लोक चरबीयुक्त खाऊनही त्यांना हृदयविकार कमी होतो, ही चर्चा 1990 च्या दशकात गाजली आणि श्रेय रेड वाईनमधील रेस्व्हेराट्रॉलला मिळाले. प्रत्यक्षात लिटरभर वाईनमध्ये ते जेमतेम काही मिलिग्रॅम असते. शिवाय जुन्या अनेक अभ्यासांत आजारपणामुळे पिणे सोडलेले लोकही ‘न पिणाऱ्यां’त धरले गेले. त्यामुळे थोडी पिणारे उगाच निरोगी दिसले.

खरा धोका टेबलावर दिसत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्या मधुमेहीने रिकाम्या पोटी वाईन घेतली, तर काही तासांनी साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम, अडखळते बोलणे, झोकांड्या ही लक्षणे पाहून सोबतचे म्हणतात, ‘चढली असेल, झोपू दे.’ ती झोप जिवावर बेतू शकते. परतताना गाडी चालवायची असेल, तर कायद्याची मर्यादा रक्ताच्या 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅम आहे. अनेकांच्या बाबतीत एक-दोन ग्लासांतच ती ओलांडली जाते. समुद्रात उतरायचे असेल, तर पिणे टाळावेच.

चवीच्या बाजूनेही शिफारस तपासावी. वाईनमध्ये लोह जास्त असेल, तर माशांसोबत तोंडात उग्र वास रेंगाळतो, असे जपानी संशोधकांनी 2009 मध्ये दाखवले. बांगड्याच्या तिखल्यासोबत रेड वाईन सुचवण्याआधी हे आठवावे.

हॉटेलांनी वाईन ठेवू नये, असे नाही. चवीसाठी, मातीला जपणाऱ्या शेतीसाठी तिची शिफारस जरूर करावी. औषध म्हणून मात्र नको. कार्डावर अल्कोहोलचे प्रमाण ठळक छापावे, ‘गाडी कोण चालवणार?’ हे विचारावे आणि न पिणाऱ्याला सोलकढी तितक्याच मानाने द्यावी. पाहुणा धडधाकट घरी पोहोचला, तरच तो पुढच्या मोसमात परत येईल.