कंत्राट स्वस्त, पण कशापेक्षा?

महामार्गांची देखभाल सरकारने स्वतः करू नये, ती कंत्राटाने करून घ्यावी, हा विचार गेल्या दोन-तीन दशकांत इतका रुजला आहे की, त्याचा हिशेब मागणेही मागासलेपणाचे लक्षण ठरू लागले आहे. कंत्राट स्वस्त पडते, असे ठामपणे सांगितले जाते. कशापेक्षा स्वस्त, याचे उत्तर क्वचितच मिळते.

एकेकाळी सार्वजनिक बांधकाम खात्याचा मैलकुली आपल्या वाट्याच्या रस्त्यावर रोज असे. मोऱ्यांची तोंडे मोकळी करणे, साइडपट्टीवर मुरूम भरणे, लहान खड्डा लहान असतानाच बुजविणे, ही त्याची कामे. डांबराचा खरा शत्रू पाणी. ते वेळीच वाहून गेले तर उद्याचा खड्डा आजच टळतो. १९६७ च्या कालेलकर निवाड्याने रोजंदारीवरील कामगारांना कायम सेवेची वाट मोकळी केली. पुढे हीच माणसे ‘आस्थापनेचा बोजा’ ठरली.

तुलना होते ती अशी : खात्याच्या रकान्यात वेतन, रजा, निवृत्तिवेतन, यंत्रे, गोदामे, सारे काही, कंत्राटाच्या रकान्यात केवळ निविदेची रक्कम! निविदा तयार करणारे, मोजमापे घेणारे, देयके तपासणारे अभियंते काय फुकट राबतात? लवादातील दावे, अर्धवट कामाची फेरनिविदा आणि तोवर वाढलेला खड्डा कुणाच्या खाती मांडायचा? अर्थात, कंत्राटावरील कराचा काही भाग तिजोरीतच परततो आणि खात्याची यंत्रे बराच काळ नुसती उभी असतात. प्रामाणिक हिशेबात हेही आलेच पाहिजे.

सरकारी खात्याविषयी आमचा भाबडा समज नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह पुरात गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची तपासणी झाली होती! नोकरी सरकारी असल्याने नजर पारखी होत नाही, हे खरेच. परंतु ज्या खात्याकडे अशी नजरच उरणार नाही, ते कंत्राटदाराचे काम कशाच्या बळावर तपासणार? श्रम भाड्याने घेता येतात, उत्तरदायित्व नाही.

म्हणून मोठे डांबरीकरण खुशाल कंत्राटाने व्हावे. नित्य देखभाल आणि तपासणी मात्र खात्याने स्वतःच्या हाती ठेवावी. दोन्ही पद्धतींचा दर किलोमीटरचा खर्च समान रकान्यांत मांडून प्रत्येक विभागाने जाहीर करावा. न केल्यास माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. तालुक्यातालुक्यांतील जागरूक नागरिकांनी तो वापरावा.