'लीडर'च्या बाटलीसाठी डॉक्टरांची गोळी सोडू नका

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमध्ये 'लीडर' हा शब्द नव्या अर्थाने रुळला आहे. पाण्यासाठी वॉर्ड ऑफिसात भांडणारा, पोरांच्या जातीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालणारा, जयंतीची वर्गणी पै-पैचा हिशेब देऊन गोळा करणारा, त्याला आपण लीडर म्हणत आलो. नवा लीडर कोट-टाय घालून येतो. हॉटेलच्या हॉलमध्ये सेमिनार घेतो, फळ्यावर गोल काढून 'प्लॅन' समजावतो आणि सिल्व्हर, गोल्ड, डायमंड अशा पायऱ्या दाखवतो. त्याच्या बॅगेत एक बाटली किंवा पावडरचा डबा असतो. शुगर, बीपी, गुडघेदुखी, थायरॉईड, मूतखडा, पाळीचा त्रास, सगळ्यांवर तोच डबा. वीस-पंचवीस वनस्पतींचे मिश्रण आणि म्हणे साइड इफेक्ट शून्य.

कोणी कोणता धंदा करावा हे सांगायला आम्ही बसलेलो नाही. साबण, टूथपेस्ट, चहा पावडर ज्याला विकायची त्याने विकावी. पण ज्याचे उत्पन्न तुमच्या खरेदीवर आणि तुमच्या भरतीवर चालते, तो तुमच्या आजारपणाचा सल्लागार होऊ शकत नाही. आणि आपले विहार, महिला मंडळ, बचत गट ही त्याच्या भरतीची जागा होता कामा नये. एवढेच आम्हाला सांगायचे आहे, पण ते ठामपणे सांगायचे आहे.

भरती कुठून सुरू होते

या धंद्यात आलेल्या माणसाला पहिले काम दिले जाते ते माल विकायचे नव्हे, नावांची यादी करायचे. मामा, मावशी, साडू, शेजारी, कामावरचे सोबती, विहारात भेटणारे लोक. म्हणजे ज्यांना आपल्याला 'नाही' म्हणणे जड जाते, ते आधी. दारात उभे राहून 'जय भीम' म्हणणाऱ्याला आपण आत बोलावतो, पाणी देतो. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या आधाराने जगलेल्या समाजाचा हा स्वभाव आहे. नेमका तोच स्वभाव येथे भांडवल म्हणून वापरला जातो.

आता हिशेब करू. एकाने पाच जण जोडायचे, त्या प्रत्येकाने आणखी पाच, असे सांगतात. १ चे ५, ५ चे २५, २५ चे १२५, १२५ चे ६२५. बेरीज झाली ७८१. म्हणजे आठशे घरांची वस्ती चौथ्या फेरीतच संपली. या ७८१ पैकी ६२५ जण सगळ्यात खाली आहेत आणि त्यांना जोडायला वस्तीत कोणी उरलेलेच नाही. शंभरातले ऐंशी जण. त्यांनी कितीही मेहनत केली, कितीही सेमिनार ऐकले, तरी त्यांची जागा तीच. पुढे 'तुझ्यातच जिद्द नाही' असे त्यांना ऐकवले जाते. जिद्दीचा येथे काही संबंध नाही, गणितच तसे आहे. दरम्यान आयडी चालू ठेवायला महिन्याला ठराविक पॉइंटचा माल स्वतःच घ्यावा लागतो. तो बचत गटाच्या कर्जातून येतो, कधी कानातले गहाण ठेवून येतो.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत २०१६ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने हर्बालाइफ या कंपनीविरुद्ध कारवाई केली. कंपनीला २० कोटी डॉलर भरावे लागले आणि मोबदल्याची पद्धत बदलणे मान्य करावे लागले. जानेवारी २०१७ मध्ये सुमारे साडेतीन लाख लोकांना भरपाईचे धनादेश गेले. पैसे गमावलेल्यांमध्ये स्पॅनिश बोलणारे, कष्टकरी, स्थलांतरित कुटुंबांतले लोक मोठ्या संख्येने होते. जिथे नोकरी मिळत नाही आणि आपल्या माणसावर विश्वास जास्त, तिथे ही साखळी लवकर पसरते.

आपली शिकलेली मुले यात का जातात, हेही समजून घेतले पाहिजे. पदवी घेऊन कंत्राटी कामावर राबणाऱ्या मुलाला या हॉलमध्ये पहिल्यांदा कोणीतरी 'सर' म्हणते. घराबाहेर कधी बोलायला न मिळालेल्या ताईच्या हातात माइक येतो. मान मिळण्याची ही भूक खरी आहे, तिची चेष्टा आम्ही करणार नाही. मात्र हा मान महिन्याची खरेदी थांबली की संपतो. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात विभूतिपूजेचा धोका सांगितला होता. अपलाइनला प्रश्न विचारायचा नाही, शंका घेणाऱ्या नातेवाइकांपासून दूर राहायचे, हे जिथे शिकवतात तिथे तो इशारा आठवावा.

मिश्रण औषध कसे तयार होते

'आमच्या डब्यात पंचवीस औषधे एकत्र आहेत' हे ऐकायला भारी वाटते. औषधे एकत्र करणे ही खरोखर मोठी गोष्ट आहे. फक्त ती डब्यात ओतून होत नाही.

टीबीचेच पाहा. स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवरचे पहिले प्रभावी औषध. ब्रिटनमध्ये त्याची शिस्तीने चाचणी झाली आणि १९४८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. रुग्ण आधी सुधारले, पण पुढे अनेकांच्या अंगातले जंतू त्या एकट्या औषधाला दाद देईनासे झाले. मग त्याला दुसऱ्या औषधाची जोड देऊन पाहिली, तेव्हा जंतूंचा हा प्रतिकार खूप कमी झाला. एका औषधातून सुटलेला जंतू दुसऱ्याने मारायचा, हे टीबीच्या मिश्र उपचारामागचे कारण.

आपल्या देशात १९५६ साली मद्रासमध्ये टीबी उपचारांचे संशोधन केंद्र सुरू झाले. तिथे शहरातल्या गरीब, दाटीवाटीच्या घरांतल्या रुग्णांवर अभ्यास झाला. काहींना सॅनिटोरियममध्ये ठेवले, काहींना घरीच ठेवून दोन औषधांचा जोड उपचार दिला. १९५९ मध्ये निष्कर्ष आला की घरी राहून नियमित औषध घेणारेही जवळजवळ तितकेच बरे होतात आणि त्यामुळे घरच्यांना लागण होण्याचा धोकाही वाढत नाही. जगभर टीबीचा उपचार घरी होऊ लागला, त्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. आपल्यासारख्याच गरीब माणसांनी त्या चाचणीत भाग घेतला होता. टीबीची गोळी हातात घेताना हे लक्षात ठेवावे.

आज सरकारी उपचारात साध्या टीबीसाठी पहिले दोन महिने चार औषधे एकाच गोळीत मिळतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने तीन. किती गोळ्या घ्यायच्या ते वजनावर ठरते. ही गोळी बनवणेही सोपे नव्हते. आयसोनियाझिडच्या सोबतीने रिफाम्पिसिन पोटातल्या आम्लात अधिक लवकर खराब होऊ शकते. म्हणून ते रक्तात पुरेसे उतरते की नाही, हे तपासूनच गोळी स्वीकारावी लागते.

मिश्रणाला उत्तरे द्यावी लागतात ती अशी: यातले प्रत्येक औषध कशासाठी आहे? त्याचे प्रमाण किती? एकाने दुसऱ्याचा गुण कमी होतो का? त्रास झाला तर तो कोणामुळे झाला? म्हणूनच जुनी दोन औषधे पहिल्यांदा एकत्र केली, तरी आपला कायदा त्या गोळीला नवे औषध मानतो आणि परवानगी मागतो. मोठ्या औषध कंपन्यांनाही यात सूट नाही. काहीही कारण नसताना एकत्र केलेल्या ३२८ मिश्र औषधांवर केंद्र सरकारने सप्टेंबर २०१८ मध्ये बंदी घातली, जून २०२३ मध्ये आणखी १४ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये १५६. दवाखान्यातल्या चिठ्ठीवर लिहिली जाणारी औषधे जर अशी तपासली जातात, तर पंचवीस वनस्पतींच्या डब्याला हेच प्रश्न विचारायला संकोच कशाचा?

यावर लीडरचे उत्तर ठरलेले असते: 'अमक्या ताईंची शुगर गेली.' एखाद्या ताईंचा अनुभव खरा असेल, पण त्यांनी त्याच काळात भात कमी केला होता का, गोळी चालू होती का, हे कोणी पाहिले? कालामांना तथागतांनी हेच समजावले होते की सांगणारा आदरणीय आहे एवढ्यावर मानू नका, तपासून घ्या. औषधाची चाचणी म्हणजे तीच तपासणी, शिस्तीने केलेली.

सगळ्यात मोठा धोका डब्यात काय आहे यापेक्षा डब्यामुळे काय बंद होते, यात आहे. टीबीची गोळी मध्येच सोडली तर आजार उलटतो आणि तो औषधाला न जुमानणारा होऊ शकतो. बीपीची गोळी सोडल्यावर काही दुखत नाही, आणि एक दिवस लकवा येतो. इन्सुलिन अचानक बंद केले तर जीव जाऊ शकतो. टीबीची काही औषधे यकृतावर ताण देतात, त्यात अनोळखी काढ्याची भर घालणे म्हणजे विस्तवाशी खेळ. कोणतीही पावडर घेत असाल तर डॉक्टरांना डबा दाखवा, लपवू नका.

कायदा आपल्या बाजूने आहे

डब्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक असेल तर सरकारदरबारी ते अन्न आहे, औषध नाही. पूरक आहाराच्या डब्यावर औषधी उपयोगासाठी नसल्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती बारीक अक्षरांतली ओळ घरातल्या शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या, लीडरच्या समोरच.

मधुमेह, कर्करोग, उच्च रक्तदाब, लकवा, टीबी यांसह अनेक आजार औषधाने बरे करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने मना केली आहे. त्या कायद्यात तोंडी केलेली घोषणाही जाहिरात धरली जाते. पैशांची फिरती साखळी चालवणे १९७८ च्या कायद्याने गुन्हा आहे. डिसेंबर २०२१ च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजनेला बंदी केली आहे, आणि 'दुसरी गिऱ्हाइके आणा, तुमचे पैसे वसूल होतील' असे आमिष दाखवून माल विकायलाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, क्रमांक १९१५.

विहार समित्यांना विनंती

लीडर घरी येऊन तासभर बसतो, सगळे ऐकून घेतो. सरकारी दवाखान्यात दोन मिनिटे मिळतात, तीही तीन तास रांगेत उभे राहून. लोक डब्याकडे वळतात त्याचे हे कारण आहे, आणि ते नुसत्या उपदेशाने जाणार नाही.

म्हणून विहार समित्यांनी दोन गोष्टी कराव्यात. एक, वर्षावासाच्या प्रवचनाला किंवा पौर्णिमेच्या वंदनेला जमलेल्या लोकांसमोर कोणत्याही आरोग्य उत्पादनाचा 'प्लॅन' दाखवू देऊ नये, मग तो आपल्याच पदाधिकाऱ्याचा मुलगा असो. दोन, महिन्यातून एक रविवार विहारात बीपी आणि शुगर तपासावी. आपल्या समाजात निवृत्त परिचारिका आहेत, फार्मसी शिकलेली मुले आहेत, वस्तीत आशाताई आहेत. त्यांनी लोकांच्या गोळ्या पाहाव्यात, कोणती कशासाठी ते मराठीत समजावावे, संपलेली गोळी सरकारी दवाखान्यातून किंवा जनऔषधी केंद्रातून कशी मिळेल ते सांगावे. टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेचे महिना १००० रुपये खात्यात येतात का, तेही विचारावे.

जे तरुण या धंद्यात आहेत ते आपलेच आहेत. त्यांना वाळीत टाकू नका. त्यांच्याकडून एवढेच वचन घ्या की आजार बरा होतो असे ते सांगणार नाहीत आणि कोणाची गोळी बंद करायला लावणार नाहीत. पंचशीलातले चौथे शील आणि सम्यक आजीविका यापेक्षा वेगळे काही मागत नाहीत. बोलता येणारी, माणसे जोडता येणारी ही मुले आहेत. त्यातली दोन-चार जरी रविवारच्या तपासणीला मदतीला आली, तर वस्तीला हवा आहे तो लीडर तिथेच घडेल.